भिंतीकडे तोंड केलेल्या कपाटाची बखर

श्री. ढकलणारास बळ, ओढणारास दोर आणि ऐकणारास सवड देणारी जी शक्ती, तीस प्रथम नमन करोन मजकूर ऐसा की, शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरी, एका राज्यात बल, कार्य आणि ऊर्जा या तिघांची मोठी धामधूम जाहाली, ती जशी घडली तशी लिहिली आहे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लिहिले तर शेजारची राज्ये म्हणतील की आमच्याकडे काय कपाटे नाहीत? राज्य म्हणजे माळावरची एक शाळा. उत्तरेस पाण्याची टाकी, दक्षिणेस खोखोचे मैदान, पूर्वेस फाटक आणि पश्चिमेस लिंबाचा पार, इतकी सरहद्द. वर्ग तितके परगणे आणि शिक्षक तितके सरदार. गादीवर मुख्याध्यापक त्रिंबकराव आवटी होते. त्यांस सारे माघारी महाराज म्हणत, म्हणोन बखरीतही तेच नाव ठेविले. महाराज स्वभावे मायाळू. कोणा पोराच्या पायात काटा मोडला तर आपले हाते काढीत आणि वर खडीसाखर देत. परंतु एका गोष्टीपाशी त्यांची मर्जी फिरे, ती गोष्ट म्हणजे प्रयोगशाळेचे पोलादी कपाट. ते वर्षातून दोन वेळा उघडे. एकदा दसऱ्यास, तेव्हा त्यास हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालीत आणि पेढा ठेवीत. दुसऱ्याने तपासणीस साहेब येत तेव्हा, मग दार उघडोन आतली खोकी दाखवीत, साहेब मान हलवीत आणि दार पुन्हा लागे. खोक्यांत काय आहे हे साहेबांनी पुसले नाही आणि महाराजांनी सांगितले नाही. बाकी वर्षभर किल्ली महाराजांच्या सदऱ्याचे आतल्या खिशात राहे आणि घामाने गंजे.

याचे कारण ऐसे की महाराज तरुणपणी नवे शिक्षक असता त्यांचे हातून काचेची एक नळी फुटली आणि तेव्हाच्या वरिष्ठांनी भरल्या वर्गात उभे करोन पुसले की, "हात आहेत का फावडी?" पोरे हसली. ते हसू महाराजांचे काळजात रुतोन बसले आणि त्या दिवसापासून त्यांनी मनाशी निश्चय केला की आपल्या राज्यात काही फुटणार नाही. आणि खरेच काही फुटले नाही, कारण कोणी कशास हात लावला नाही.

ऐसे चालले असता ज्येष्ठमासी वैजयंताबाई खरमाटे सातवीचे परगण्यावर विज्ञानाच्या सरदार म्हणोन नेमून आल्या. बाई अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत आणि चालण्यात ऐशी घाई की पदर मागून धापा टाकीत येई. बाईंनी शाळकरी वयात कप्पीची आकृती काढोन पैकीच्या पैकी गुण मिळविले होते आणि खरी कप्पी पहिल्याने पाहिली ती नोकरी लागल्यावर, एका बांधकामावर. गवंड्याची बाई एका हाते दोर ओढीत होती आणि वाळूची पाटी वर जात होती. वैजयंताबाई भर उन्हात तेथे उभ्या राहिल्या आणि त्यांस बहुत राग आला, की ही एवढी गमतीची वस्तू आपल्यास कागदावर का दाखविली? त्याच ठिकाणी त्यांनी ठरविले की आपल्या हाताखालचे पोर ऐसे फसणार नाही. मग शाळेत येताच त्या महाराजांकडे गेल्या आणि म्हणाल्या,

"सर, कपाटाची किल्ली द्याल का? स्प्रिंगकाटा हवाय, कप्पी हवीय."

"काटा पुस्तकात आहे की बाई," महाराज म्हणाले. "पान उघडून दाखवा. आकृती सुरेख आहे."

"आकृतीला काही लटकवता येत नाही हो सर."

"लटकवायचं कशाला? मोडलं तर जाब मला द्यावा लागतो, तुम्हाला नाही."

बाईंनी आणखी दोन वेळा मागितली आणि दोन्ही वेळा महाराजांनी खिशावर हात ठेवोन चहा मागविला. तेव्हा बाईंनी ओळखले की किल्ला समोरून पडत नाही. मग घरचा फौजफाटा गोळा केला. गोट्या, रबरे, काडेपेट्या, दोऱ्याची रिकामी रिळे, फुटपट्ट्या आणि मेणबत्तीची थोटके पिशवीत भरोन बाई सातवीत दाखल जाहाल्या आणि पहिल्याच दिवशी आज्ञा केली की सर्वांनी उठावे आणि भिंत ढकलावी. पोरांस हे फार आवडले. सगळा परगणा भिंतीस भिडला, कानशिले लाल जाहाली, घाम गळाला, एकाची चड्डी सैल जाहाली, आणि भिंत होती तेथेच राहिली. मग बाई म्हणाल्या, "दमलात?" पोरे म्हणाली, "लई!" बाई म्हणाल्या, "बल लावलंत, पण भिंत सरकली का? नाही ना. मग विज्ञानाच्या हिशेबी भिंतीवर तुमचं कार्य झालं शून्य." यावर सातवीत मोठा गदारोळ जाहाला. त्यात किमया डोईफोडे नावाची एक मुलगी होती, दोन वेण्यांची, जिला उत्तर आले तरी शंका राही. ती म्हणाली, "बाई, हे न्यायाचं नाही. माझे हात दुखायलेत आणि शून्य?" बाईंस ऐसा आनंद जाहाला की हसू आवरेना, कारण आजवर त्यांच्या वर्गात भांडण असे कोणी काढिले नव्हते. त्या दिवशी तास संपल्याची घंटा जाहाली तरी भांडण मिटले नाही आणि पोरे ते घरी घेऊन गेली.

त्याउपरि रोज नवी मोहीम निघाली. फुटपट्टी तिरपी लावोन तिजवरून गोटी सोडिली आणि खाली काडेपेटी ठेविली, मग गोटी जितकी वरून सुटे तितकी काडेपेटी लांब जाई. पोरांनी फुटपट्टी बाकावर नेली, बाकावरून खिडकीत नेली, आणि किमयेने मान्य केले की उंचावर बसलेली गोटी गप्प दिसते पण तिच्यात काही दडलेले असते. पाठ्यपुस्तकांच्या थप्पीखाली पेन्सिली घालोन एका बोटाने थप्पी ढकलिली. पट्टीखाली खोडरबर ठेवोन त्याच थप्पीस उचलिले, आणि खोडरबर थप्पीजवळ नेले तर थप्पी हलकी होते, आपल्याजवळ आणले तर जड होते, हे ज्याने त्याने आपले हाते पाहिले. रबर ताणोन ताणोन पाहिले की कोठवर ताणले तर माघारी येते आणि कोठून पुढे येत नाही. त्यात बहुत रबरे तुटली, आणि बाई कोणास काही बोलल्या नाहीत. पोरांचे डोळे चमकत आणि बाई संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये एकट्याच हसत, मग शेजारची बाई सरकोन बसे.

मग रिळाचे रणगाडे आले. रिळात रबर ओवोन, एका अंगास काडी अडकवोन, दुसऱ्या अंगास मेणाची चकती आणि लांब काडी घालोन पीळ दिला की रीळ आपणहून चाले. सातवीने असे रणगाडे घरोघर केले आणि एके दिवशी वर्गाबाहेरच्या ओटीवर त्यांची शर्यत लाविली. किमयेचा रणगाडा सर्वांहून दांडगा. तो ओटीवरून सरळ जाण्याचे सोडून डावीकडे वळला, दाराखालच्या फटीतून महाराजांचे दिवाणखान्यात शिरला आणि कुरकुर करीत त्यांच्या अनवाणी पावलांकडे चालू लागला. महाराज चपला काढोन चहा घेत होते. ते "विंचू! विंचू!" म्हणत खुर्चीवर चढले, चहा सदऱ्यावर सांडला आणि आठवीचे गणिताचे सरदार चिंतामणराव जोगदंड मोजपट्टी उपसोन धावत आले. त्यांनी रणगाडा एका घावात ठार केला. चिंतामणरावांचा राग आधीपासून होताच, कारण सातवीतल्या कल्लोळाने त्यांच्या समीकरणांची तंद्री मोडे. त्यांनी तेथेच महाराजांचे कानी घातले की, "सर, हे शिक्षण नाही, ही जत्रा आहे."

तेव्हा महाराजांनी बाईंस बोलाविले आणि सदऱ्यावरचा डाग पुसत सांगितले, "बाई, पौषात तपासणी आहे. तांबोळी मॅडम येणार आहेत. सातवीनं बल, कार्य, ऊर्जा, तिन्हींच्या व्याख्या एका सुरात म्हटल्या पाहिजेत. नाही म्हटल्या, तर पुढच्या सत्रापासून विज्ञान जोगदंड सरांकडे."

"आणि मी, सर?"

"तुम्ही खिचडीचा कोठा बघा."

वर्गाकडे येता येता बाईंचे डोळे भरले. खिचडीशी त्यांचे वैर नव्हते. पण सातवी गेली तर आपले इथे काय उरले, ऐसे त्यांस वाटले. मग दुसरे दिवशी त्यांनी पिशवी बाजूस ठेविली आणि पोरांस एका सुरात व्याख्या म्हणावयास लाविले. पोरे शहाणी, म्हणू लागली. खिडकीबाहेरून महाराज ऐकोन गेले आणि संतोषले. तास ऐसा गेला की जणू वर्गात कोणी नव्हतेच. शेवटी किमयेने हात वर केला आणि म्हणाली, "बाई, हे पाठ झालं की मग गोट्या परत काढायच्या ना?" तेव्हा बाईंनी फळ्यावरची व्याख्या पुसली आणि पिशवी पुन्हा टेबलावर उपडी केली आणि म्हणाल्या, "काढा. काय व्हायचं ते होईल." आणि कोठ्याची भीती पोटात घेऊनच त्या शिकवू लागल्या.

इकडे तपासणीनिमित्त राज्यात रंगरंगोटी निघाली. रंगारी आले तेव्हा महाराजांचे मनात आले की आपण फाटकापाशी गुंतलो असता बाईंनी कुलूप काढवून कपाट उघडविले तर? म्हणोन त्यांनी ऐशी मसलत केली जी याच राज्यात सुचावी. धिप्पाड रंगाऱ्यांकडोन ते कपाट उचलवून त्याचे तोंड भिंतीकडे करविले आणि दार भिंतीस भिडविले. वर क्रीडास्पर्धांच्या ढाली, नकाशांची भेंडोळी आणि पृथ्वीचे दोन गोल रचिले. तपासणीचे दिवशी सकाळी पुन्हा फिरवू ऐसे ठरले. रंगारी रंग देऊन, चहा पिऊन, आपल्या गावी गेले.

आणि तांबोळी मॅडम एक दिवस आधीच आल्या. मेहेरुन्निसा तांबोळी म्हणजे त्या तालुक्याच्या विस्तार अधिकारी. बाई कडक, पण बोलणे मऊ. स्कूटीवरून उतरत म्हणाल्या, "सर, उद्या मीटिंग लागली हो. म्हटलं आजच उरकून टाकू. चालेल ना?" महाराज म्हणाले, "या ना, या ना," आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले, कारण मॅडमचे पुढचे वाक्य होते, "आधी प्रयोगशाळा बघू."

प्रयोगशाळेत कपाट पाठ करोन उभे. मॅडम त्याकडे बघत म्हणाल्या, "दार कुठंय हो याचं?" महाराज म्हणाले, "आहे, मॅडम. पलीकडं आहे." मग आज्ञा सुटली आणि सगळे सरदार कपाटास भिडले. चिंतामणरावांनी बाह्या सारल्या, कवायतीच्या सरदारांनी शिट्टी फुंकली, महाराज स्वतः खांदा देऊन "हं, जोर लावा!" म्हणाले, आणि बहुत वेळ बहुत जोर लागला. कपाटाने कूसही बदलली नाही. त्याचे सपाट बूड फरशांच्या खाचेत रुतले होते. सातवीची पोरे दारात जमली होती. तेव्हा किमयेचे तोंडून निघोन गेले,

"बाई, सरांचं सगळ्यांचं कार्य शून्य झालं की!"

पोरे फिस्सकन हसली. महाराजांचे कान लाल जाहाले. वैजयंताबाईंनी डोळे वटारले, पण आतून त्यांसही हसू फुटत होते आणि त्याच वेळी खिचडीचा कोठा डोळ्यांपुढे दिसत होता. मॅडमनी मात्र मागे वळोन पुसले, "शून्य का गं?"

किमया म्हणाली, "बल लई लावलं, पण कपाट सरकलंच नाही ना मॅडम. आम्ही भिंत ढकलली होती, तवा आमचं पण शून्यच आलं होतं. मी भांडले होते."

"मग आता काय करायचं?"

"बागेतली पहार आणू का? आणि एक वीट. आणि कवायतीच्या गोल काठ्या."

सगळ्यांनी महाराजांकडे पाहिले. महाराजांचे मनात कपाट कलले, पडले, सगळे फुटले आणि भरल्या खोलीत कोणी तरी हसले. त्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला. तेव्हा वैजयंताबाई पुढे होऊन हळूच बोलल्या, "सर, आधी वरच्या ढाली उतरवू. पोरं लांब उभी राहतील. कपाट कललंच तर भिंतीकडंच टेकेल, इकडं येणार नाही. मी इथंच आहे. तुम्ही फक्त पहार दाबायची."

"मी?"

"तुमचं कपाट आहे सर. तुम्हीच हलवा."

मग ढाली उतरल्या, गोल उतरले, पहार आली. तिचे टोक फरशीच्या फटीतून कपाटाच्या बुडाखाली घातले आणि पहारेखाली वीट सारिली. महाराजांनी दोन्ही हातांनी पहार दाबिली, मग पोटाने दाबिली, मग जवळजवळ तिजवर बसले. काही हालले नाही. दारातून किमया म्हणाली, "सर, वीट तुमच्याकडं आलीय. कपाटाकडं सरकवा. अजून. आणखी थोडी." महाराजांनी आपले हाते वीट सरकविली आणि पुन्हा दाबिली, आणि या वेळी पहार सहज खाली गेली आणि ते पोलादी कपाट, ज्यापुढे सगळे सरदार हरले, ते बोटभर उचलिले गेले. महाराजांनी घाबरोन सोडिले. कपाट धपकन बसले. मग त्यांनी एकच हात ठेविला आणि दाबिले. पुन्हा उचलिले गेले.

"हे मी करतोय?" महाराजांनी पुसले.

"तुम्हीच, सर," बाई म्हणाल्या.

"पुन्हा एकदा बघतो."

आणि पुन्हा एकदा, आणि पुन्हा, आणि मॅडम भिंतीस टेकोन बघत राहिल्या आणि कोणी घाई केली नाही. किमयेने तेवढ्यात बजाविले की हे फुकट नाही, सरांचा हात बघा केवढा खाली जातोय आणि कपाट केवढेसेच वर येतेय. महाराजांनी हात पाहिला, कपाट पाहिले आणि "खरंच की!" म्हणाले. मग कपाट उचलोन धरिले असता चिंतामणरावांनी आपण होऊन गुडघ्यांवर बसोन काठ्या बुडाखाली सारिल्या, दोर बांधिला आणि दोघांनी ओढताच कपाट गडगडत खोलीच्या मध्यभागी आले. पोरांनी ऐसा जयघोष केला की पारावरचे कावळे उडाले.

मग महाराजांनी किल्ली काढोन दार उघडिले आणि मॅडम म्हणाल्या, "खोकीपण उघडा." खोकी उघडिली तो कप्पीचा दोर कसरीने खाल्लेला, रबरी नळ्या एकमेकींस चिकटोन गोळा जाहालेल्या, तराजूची पारडी हिरवी पडलेली, आणि काट्यांपैकी एकच काय तो चालता उरलेला. काच तेवढी शाबूत होती. महाराजांनी एक हिरवे पारडे हाती घेतले आणि म्हणाले, "हे मी सांभाळत होतो?" त्यांस खरोखर वाईट वाटले. वैजयंताबाईंसही वाटले.

तेव्हा मॅडम पोरांकडे वळोन म्हणाल्या, "आता सांगा बघू, सगळ्यांनी मिळून. ऊर्जा म्हणजे काय?" आणि राज्यावर जो प्रसंग यावयाचा तो आला. पोरांनी मिळोन काही सांगितले नाही. एक म्हणाला, गोटी उंचावर ठेवली की तिच्यात येते ती. दुसरा म्हणाला, रबराला पीळ दिला की साठते. किमया म्हणाली, आत्ता सरांनी कपाट उचलून धरलं होतं तवा त्याच्यात पण आली असंल, म्हणून तर सोडल्यावर धप् झालं. पुस्तकातले वाक्य कोणास पुरते आले नाही. चिंतामणराव खोकले. मॅडम म्हणाल्या, "सर, व्याख्या पाठ नाहीत यांच्या." वैजयंताबाईंनी मनातल्या मनात सातवीचा निरोप घेतला.

महाराज उठोन उभे राहिले. सदऱ्यावरचा चहाचा डाग अजून गेला नव्हता. ते म्हणाले, "मॅडम, माझ्या पाठ आहेत. बल, कार्य, ऊर्जा, तिन्ही. झोपेतून उठवून विचारा. पण त्या व्याख्यांनी कपाट काही हललं नाही. विज्ञान वैजयंताबाईंकडंच राहील."

बाईंनी पदराने डोळे टिपले आणि मॅडमनी त्यांच्याकडे बघोन मान हलविली, पण ती तपासणीस साहेबांची नेहमीची मान नव्हती. मग त्या म्हणाल्या, "चालता काटा आहे ना, बघू तरी." वैजयंताबाई घ्यावयास गेल्या तो महाराज आडवे आले. "थांबा बाई, मी." त्यांनी काट्यास किल्ल्यांचा जुडगा लटकविला, स्प्रिंग किंचित ताणली आणि काटा सरकला. महाराज हसले. पृथ्वीचा गोल लटकविला, काटा आणखी सरकला. मग त्यांस हुरूप येऊन त्यांनी मधल्या सुट्टीची भली थोरली पितळी घंटा मागविली. वैजयंताबाई "सर, ती जरा" इतके म्हणतात तो घंटा लटकली, काटा तळास गेला, "तट्" ऐसा आवाज जाहाला, आणि घंटा फरशीवर पडोन ठणठणत खोलीभर फिरली. महाराजांचे हाती सरळ जाहालेली तार राहिली.

महाराज आपल्या हातांकडे बघू लागले. इतकी वर्षे ज्याची धास्ती घेतली ते भरल्या खोलीत, साहेबांदेखत, त्यांच्याच हातून जाहाले होते. तेव्हा किमया पुढे आली, तार हाती घेऊन निरखली आणि म्हणाली, "फार ताणलं की माघारी येत नाही, सर. आमची रबरं तर किती तुटली. बाई काहीच म्हणत नाहीत. तुम्हाला पण काही म्हणायच्या नाहीत."

महाराजांनी बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "दुसरा आणू, सर." मग महाराज हसू लागले, ते डोळ्यांस पाणी येईतो हसले, आणि त्यांच्याबरोबर सगळा परगणा हसला, आणि या हसण्याने महाराजांस काही लागले नाही. जाता जाता तांबोळी मॅडमनी स्कूटीवरून सांगितले, "सर, या तालुक्यात कपाटात सडलेले काटे मी पुष्कळ पाहिले. वापरताना मोडलेला हा पहिलाच. चांगलं झालं."

येणेप्रमाणे त्या राज्याचे कपाट भिंतीकडून माणसांकडे वळले आणि तैसेच राहिले. किल्ली बाहेरच्या खिळ्यास अडकविली. पुढील दसऱ्यास कपाटाची पूजा जाहाली तेव्हा आतल्या वस्तूंपैकी पुष्कळ जागेवर नव्हत्या, पोरांच्या हातात होत्या, म्हणोन झेंडूची माळ रिकाम्या खणास घातली आणि मोडका काटा मात्र मध्यभागी मांडोन त्यास महाराजांनी स्वहस्ते पेढा ठेविला. लेखन संपले. ज्यास खोटे वाटेल त्याने पहार आणावी.